सर्वपित्रीचं पान

पितृपंधरवड्यात आमच्या वृद्धाश्रमाचा फोन खाली ठेवायला उसंत नसते. "आईच्या नावानं जेवण द्यायचंय, कुठला दिवस रिकामा आहे?" बेळगावात मराठी घर असो की कन्नड, घरचा म्हाळ झाला की वृद्धाश्रमात एक जेवण, ही आता रीतच झालीय. चैत्र-वैशाखात अन्नदानाची वही कोरी आणि सर्वपित्रीला एकाच दुपारसाठी तीन घरं हटून बसतात. त्यात महालय अमावास्येला कर्नाटकात सरकारी सुट्टी. लोकांना सवड असते आणि माझ्या हाताखालची माणसं रजेवर.

२०२४ साली तर कहरच झाला. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन, म्हणून कॉलेजची पोरं केक घेऊन आली. मधुमेहींच्या घरात केकच का सुचतो, देव जाणे. दुसऱ्याच दिवशी गांधी जयंती आणि सर्वपित्री एकत्र.

आमच्याकडे जेवणाची वेळ म्हणजे औषधाची वेळ, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. इन्सुलिन टोचलं की अर्ध्या तासात ताट समोर हवं. साडेबाराला येतो म्हणणारे दीडला उगवतात, तोवर इकडे एखाद्याला दरदरून घाम फुटतो. म्हणून डबे फाटकातून आत आलेले दिसल्याशिवाय मी सिरिंज हातात घेत नाही. अर्धांगवायू झालेल्यांना पातळ खीर दिली की ठसका लागतो, ती भलत्या नळीत जाते. त्यांच्यासाठी मी खिरीत मऊ भात घोटून ती दाट करते. कवळीवाल्यांचे वडे कढीत भिजत घालते. हे चालू असताना मागून आवाज येतो, "सिस्टर, जरा बाजूला, फोटोत येताय."

त्या दिवशी शहापूरचे एक कापड दुकानदार आले होते. पहिलं ताट त्यांनी वाकून नंदगडच्या आजींपुढे ठेवलं. आजींनी ते सरकवलं. एरवी शांत असलेलं माणूस अचानक चिडलं की मला आधी साखर उतरल्याची शंका येते. बोटाला टोचून पाहिलं, साखर ठीक होती.

"सगळी आपापल्या मेलेल्यांना घालूलेत," आजी म्हणाल्या. "आमची मेलेली काय उपाशी?"

दुकानदारांबरोबरच्या एका बाईंनी समजावलं, "पान मुलानं ठेवायचं असतं, आजी."

"तो ठेवणारा असता तर मी हितं कशाला असते?"

आता पान ठेवायचं तर गच्चीवर. गच्चीला कुलूप. मागे एक आजोबा जिन्यात पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासूनचा हुकूम. किल्ली माझ्याकडे होती. हातांची लाकडी खुर्ची घेतली, आजींना कमरेशी ओढणीनं बांधलं. जिना चढवताना खुर्चीची पाठ वरच्या बाजूला ठेवायची. एकानं पाठ धरायची, एकानं पुढचे पाय, आणि दोघांनी पायरी मोजत एकदमच चढायचं. दुकानदारांची दोन्ही पोरं पहिल्या तीन पायऱ्यांतच धापा टाकू लागली, पण शिकली.

एक वर गेल्यावर सगळ्यांनाच पान हवं झालं. सगळ्यांना वर नेणं शक्य नव्हतं. मग दुकानदार पावतीपुस्तक उलटं करून खाली बसले आणि नावं लिहू लागले. कुणी नवरा सांगितला, कुणी बहीण, एका आजींनी जन्मल्यावर बाराव्या दिवशी गेलेली लेक. हलगा भागातल्या एका आजोबांनी बैलाचं नाव दिलं, तेही लिहून घेतलं. पोरगा वर उभा राहून एकेक नाव वाचत होता आणि आजी एकेक घास ठेवत होत्या. कावळे आधीच भरपेट असावेत. ते कठड्यावर बसून नुसते बघत होते. आजींनी त्यांनाही दोन शब्द सुनावले.

संध्याकाळी विश्वस्तांचा फोन आला. "गच्ची कुणाला विचारून उघडली?" त्यांचं सगळंच चूक म्हणणार नाही, त्या वयात मोडलेला खुबा म्हणजे काय असतं, ते मी रोज बघते. पण हळदीकुंकू, भजन, संगीत खुर्ची, इतकी वर्षं आम्ही जे काही ठेवलं त्यात या माणसांना कुणाला काही द्यायची सोय कुठे होती? अजून मला याचं धड उत्तर सापडलेलं नाही. हेही कळत नाही, की आजी त्या दिवशी खरंच पानासाठी अडल्या होत्या की मुलावरचा राग त्या ताटावर निघाला. विचारलं तर म्हणतात, "तू तुझं काम कर."

पुढच्या वर्षी श्रावणातच दुकानदारांचा फोन. "सिस्टर, डबे किती आणू?"

"डबे दुसऱ्यांचे ठरलेत. चार धडधाकट पोरं आणा, बरोबर साडेअकराला."

चार आणली. आले मात्र एक वाजता.