जळकं ऑइल नको

"ताई, जळकं ऑइल फासा, खरूज जाते." डिचोलीच्या गॅरेजातल्या पोराने गाडीच्या वापरलेल्या इंजिन ऑइलचा डबा पुढे केला, अगदी मायेने. वाड्यावरची कुत्री चंपी पाय चाटत बसलेली. बोटांच्या बेचक्या लालभडक, पोटावरचे केस झडलेले, अंगाला आंबूस वास.

पण कुत्रं अंग चाटतंच. ते ऑइल सरळ पोटात जातं, कातडी भाजते ती वेगळीच. विषच ते!

आपल्याकडच्या पावसात अंग वाळत नाही. कुणाला बुरशी, कुणाला गोचीड, कुणाला खरजेचे किडे. गोचीड नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण बाकीचं वरून सारखंच दिसतं. कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की कळतं, औषधही त्यावरच ठरतं. तोवर भिजून आल्यावर बोटांमधून नीट पुसायचं.

डिचोली-साखळीकडे वाड्यावरच्या कुत्र्यांची अशी तपासणी कुठे होते, कुणाला माहीत आहे?