दिवसभर मराठी बोलणारे एकच माणूस

नवऱ्याची रजा संपून तो कामावर रुजू झाला, त्या सकाळी त्याच्यामागे दार बंद झाल्यावर घरात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मुलगी तीन आठवड्यांची होती. तिला दूध पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून मी निजवले आणि जरा टेकल्यावर माझ्या लक्षात आले की तो गेल्यापासून मी तोंडातून एकही शब्द काढलेला नाही. चार माणसांच्या घरात बाळाशी मुद्दाम बोलावे लागते असे कुणाच्या मनातही येत नाही, कारण माणसे आपापसात बोलत असतात आणि ते बोलणे बाळाच्या कानावर आपसूक पडत राहते. परदेशातल्या आमच्या घरात मात्र भिंतीपलीकडून ऐकू येणारी भाषा निराळी होती, खिडकीखालच्या रस्त्यावरचीही निराळी होती, आणि संध्याकाळपर्यंत मराठी बोलू शकणारे घरात एकच माणूस होते, ते म्हणजे मी.

त्या रात्री फोनवर आईला हे सांगितले. आमच्याकडची पहाटेची तीनची पाजणी म्हणजे तिची दुपार असे, त्यामुळे आमची खरी बोलणी रात्रीच होत. ती म्हणाली, "अगं, मग तिच्याशीच बोल ना. जे करतेस ते सांगत जा." मी म्हटले, "पण तिला काय कळणार आहे, आई?" त्यावर ती सहज म्हणाली, "तुला तरी कुठे कळत होतं? मी बोलायचे ना."

दुसऱ्या दिवसापासून मी बोलू लागले. रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकताना सुरुवातीला फार अवघडल्यासारखे झाले. "आता तुझा डावा हात बाहीत घालते", "पाणी कोमट आहे का बघते", "बाहेर वारा सुटलाय, पडदा हलतोय बघ" अशी ती साधी वाक्ये होती. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचे सर्वांत नीट दिसते, आणि दूध पिताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. माझी मुलगी त्या वेळी माझ्या ओठांकडे इतक्या एकाग्रतेने पाहत असे की बोलणे थांबवणे मला जड जाई. पुढे, दीड-दोन महिन्यांची झाल्यावर, ती हुंकार देऊ लागली. मग मला एक गोष्ट शिकावी लागली, ती म्हणजे एक वाक्य बोलून थांबणे. थांबले की तिचे ओठ हलत, पाय झाडले जात आणि थोड्या वेळाने एक लांब स्वर बाहेर पडे. त्या उत्तराची वाट न पाहता मी पुढचे वाक्य बोलले तर ती मान वळवून घेई.

बाळ पोटात असतानाच, गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, आईचा आवाज ऐकत असते. जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांतच बाळे अनोळखी बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतात, हे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. विशिष्ट लयीत चोखणी चोखली की आईचा आवाज ऐकू येईल अशी योजना त्यात केली होती, आणि एवढीशी बाळे त्यासाठी आपली चोखण्याची लय बदलत होती. हे वाचले तेव्हा माझी भीती पुष्कळ ओसरली. उजेड, गारवा, कपड्यांचा स्पर्श हे सगळेच तिला नवे होते, पण माझा आवाज तिच्या जुन्या ओळखीचा होता.

त्याहून अधिक खोलवर पोहोचला तो जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा कॅनडातला, १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. हिंदीतल्या 'त' आणि 'ट' या दोन ध्वनींमधला भेद इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना सहसा ऐकू येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे मात्र तो भेद ओळखत होती. वर्षाच्या आसपास, म्हणजे दहा ते बारा महिन्यांच्या टप्प्यावर, त्यांतल्या बहुतेकांची ती क्षमता मावळली, आणि ज्यांच्या घरात हिंदी बोलली जात होती त्या बाळांची टिकून राहिली. हा 'त' आणि 'ट' आपलाही आहे. 'पात' आणि 'पाट' यांत फरक आहे हे आपल्याला कुणी शिकवल्याचे आठवत नाही, कारण आठवण्याच्या कितीतरी आधी तो कानात बसलेला असतो. माझ्या मुलीच्या कानात तो बसायचा असेल तर त्यासाठी दिवसभर तिच्यापाशी माझाच आवाज होता. मी गप्प राहिले की त्या खोलीत मराठीही गप्प होत असे. या विचाराने मी काही दिवस अक्षरशः धास्तावले होते, नंतर त्याच विचाराने मला दिवसाला एक आकार दिला.

बाळाच्या एका तपासणीच्या वेळी मला प्रेमाने सल्ला मिळाला होता की घरातही इथलीच भाषा बोलावी, नाहीतर मुलीचा गोंधळ होईल आणि ती उशिरा बोलेल. मी त्या वेळी मान डोलावून बाहेर पडले आणि घरी येऊन दोन दिवस बेचैन राहिले. दोन भाषा ऐकण्यामुळे बाळाला बोलण्याचा दोष जडत नाही. अशा मुलाला एकाच भाषेत मोजले तर शब्द कमी भरू शकतात, पण दोन्ही भाषांतले मिळून मोजले की चित्र बदलते. आणि दुसरेही एक आहे. इथली भाषा मी कामापुरती चांगली बोलते, पण तान्ह्या जीवाला समजावण्याची, दटावण्याची, लाडात घेण्याची माझी भाषा ती नाही. तिच्यात बोलायचे ठरवले असते तर मी फार थोडे बोलले असते.

याचा प्रत्यय मला दुसऱ्याच ठिकाणी आला. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी मला एक प्रश्नावली भरायला दिली गेली. एडिंबरा स्केल या नावाने ती ओळखली जाते, १९८७ साली तयार झाली, तिच्यात दहा प्रश्न असतात आणि गेल्या सात दिवसांत मनाची अवस्था कशी होती ते त्यांतून पाहिले जाते. प्रश्न मला पूर्ण कळत होते. तरीही परक्या भाषेतले ते चार-चार पर्याय वाचताना मला हुरहूर, उबग, पोटात कालवणे असे स्वतःचे शब्द आठवत राहिले, आणि त्यांतला एकही कुठल्याच पर्यायात मावेना. मी सगळीकडे सौम्य उत्तरे देऊन कागद परत केला. ते चुकलेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठते. म्हणून परदेशात बाळंत होणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीला मी कळकळीने सांगते की बऱ्याच रुग्णालयांत दुभाष्याची सोय असते, ती मागावी, आणि ही प्रश्नावली आपल्या भाषेत मिळेल का हे विचारायला संकोच करू नये. पुढच्या भेटीत मी खरे बोलले, मोडक्या वाक्यांत बोलले, आणि मला मदत मिळाली.

आजीच्या बाबतीत मात्र एक संशोधन वाचून मी खट्टू झाले होते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सिअॅटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ही चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बारा बैठकांत त्या बाळांनी मँडरिनचे ध्वनी टिपले, पण तेच बोलणे ध्वनिचित्रफितीवरून किंवा नुसत्या आवाजातून ऐकलेल्यांनी काहीच टिपले नाही. म्हणजे आमचे रोजचे व्हिडिओ कॉल व्यर्थ का, असे मला वाटले. परंतु कॉल आणि मुद्रित चित्रफीत यांत मोठा फरक आहे, कारण कॉलवरचे माणूस उत्तर देते आणि वाट पाहते. २०१४ सालच्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले थेट कॉलवरून नवी क्रियापदे शिकली, मुद्रित चित्रफितीवरून शिकली नाहीत. दीड वर्षाखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवा असे सांगणारी अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही व्हिडिओ कॉलला अपवाद मानते. तान्ह्यांचे काय, हे यातून सिद्ध होत नाही हे मला कळते, तरी आईला मी एवढेच सांगितले की बोलून झाले की थांबत जा. तिला ते सांगण्याची गरज नव्हती.

मागच्या आठवड्यात मुलीला दहा महिने पूर्ण झाले. "दिवा कुठे आहे?" असे मी विचारले की ती अलीकडे मान वर करून छताकडे पाहते. परवा मी फोन उशीला टेकवून ठेवला आणि आईला म्हटले, आज तू विचारून बघ. आईने विचारले. मुलगी आधी पडद्यावरच्या तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, मग हळूच मान वर करून तिने दिवा शोधला. "पुन्हा विचारू का?" आई म्हणाली, आणि मी हो म्हणायच्या आत तिने विचारलेही.