आधी ऐक, मग वाजव

आपल्या शाळेत पाचवीत मी संगीताच्या वर्गात जायला लागलो तेव्हा पहिले चार महिने सरांनी मला तबल्याला हातच लावू दिला नाही. नुसता हातावर ताल धरायचा. तीनतालाच्या १६ मात्रा, १, ५ आणि १३ वर टाळी, ९ व्या मात्रेला काल, म्हणजे टाळी न देता हात रिकामा सोडायचा. बाकीची पोरं ग्राउंडवर ओरडतायत आणि मी आपला भिंतीला टेकून धा धिं धिं धा, धा धिं धिं धा म्हणत बसलोय. एकदा वैतागून विचारलं, सर वाजवायचं कधी? तर म्हणाले, आधी ऐक, मग वाजव. तेव्हा खूप राग आला होता. आज या वाक्यावरच माझं पोट चालतं असं म्हटलं तरी चालेल, कारण मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझं निम्मं काम कानांनी चालतं.

आठवीतल्या गॅदरिंगला एका मुलीच्या गाण्याला मला साथीला बसवलं होतं. तिरकिट हे भराभर वाजवायचे बोल नवीन नवीन बसले होते हातात, त्यामुळे मी जागा मिळेल तिथे ते घालत सुटलो, ती बिचारी दोनदा गडबडली पण टाळ्या भरपूर पडल्या आणि मी खूश. सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी शांतपणे एवढंच म्हणाले की गाणारा कुठेही फिरून आला तरी त्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जागेवर सापडली पाहिजे, ती तू सांभाळायची, तुझं काम ते.

आता ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेमकं हेच करतो. पेशंट, नातेवाईक, सगळ्यांचं लक्ष सर्जनकडे असतं, आणि ते बरोबरच आहे, गाणं त्यांचं आहे. मी डोक्याशी बसून ठेका धरून ठेवतो. ब्लीडिंग सुरू झालं की ओटीमधली लय एकदम चढते, आवाज चढतात, हात भराभर चालायला लागतात. अशा वेळी भूल देणाऱ्यानेही लय सोडली तर सगळंच पळत सुटतं. मी मुद्दाम हळू बोलतो, एका वेळी एकच गोष्ट सांगतो, ब्लड मागवलंय, प्रेशर इतकं आहे, दोन मिनिटं दाबून धरा. गाणारा ताणात असताना ठेका स्थिर ठेवायचा हे मला कुठल्याही मेडिकलच्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

एमबीबीएसला असताना छाती तपासायला शिकवतात. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर सपाट ठेवायचं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर ठोकायचं, खाली हवा असेल तर आवाज घुमतो आणि पाणी साठलं असेल तर आवाज मेलेला येतो. बॅचमधले बरेच जण कोपरापासून हात हलवायचे आणि ठोका मारून बोट तिथेच दाबून ठेवायचे, मग आवाज कसा येणार. मला मनगटातून मारून बोट लगेच उचलायची सवय शाळेपासूनच होती. नंतर वाचलं की ही पद्धत व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये जगापुढे मांडली, आणि ते संगीतातले चांगले जाणकार होते, सालिएरी या संगीतकाराच्या एका ऑपेरासाठी त्यांनी शब्दही लिहिले. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधणारे लेनेक बासरी वाजवायचे आणि स्वतःच्या बासऱ्या स्वतः बनवायचे. मला यात अजिबात आश्चर्य वाटत नाही, कान तयार असलेल्या माणसालाच शरीर ऐकून पाहावंसं वाटणार.

तबल्याबद्दल लोकांना वाटतं की तो नुसता ठोकायचा असतो, सुराशी त्याचा काय संबंध. पण तबला सुरात लावावा लागतो. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे वेगवेगळे नाद एकमेकांशी जुळत नाहीत, तबल्याच्या मधल्या काळ्या गोलाच्या, म्हणजे शाईच्या वजनामुळे ते जुळतात आणि स्पष्ट सूर ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. तर तो सूर कडेच्या १६ घरांवर सारखा यावा म्हणून हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या विणलेल्या वादीवर, ठोकत फिरायचं, एक घर किंचित उतरलेलं असलं तरी कानाला खटकलं पाहिजे. शाळेत हे काम मला अतिशय कंटाळवाणं वाटायचं.

ओटीमध्ये रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर असतो, त्याचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. प्रत्येक ठोक्याला बीप होतो आणि ऑक्सिजन कमी झाला की त्या बीपचा सूर खाली येतो. काही वर्षांपूर्वीची एक केस, पेशंटची पोझिशन नुकतीच बदलली होती, सगळे आपापसात बोलत होते, मी चार्ट लिहीत होतो, आणि मान वर करायच्या आधीच मला कळलं की सूर उतरलाय. ९९ चं ९६ झालं होतं, अलार्म वाजायला अजून बराच अवकाश होता. स्टेथोस्कोप लावला तर डाव्या बाजूला हवाच जात नव्हती, मान वाकल्यामुळे श्वासासाठी घातलेली ट्यूब खाली सरकून उजव्या श्वासनलिकेत गेली होती. दोन सेंटीमीटर वर ओढली, दोन्हीकडे हवा जायला लागली आणि बीप हळूहळू परत आपल्या सुरावर आला. सवयीचा कुठलाही भूलतज्ज्ञ हे ऐकतो, मी काही जगावेगळं केलं नाही, पण माझ्यापुरतं सांगायचं तर ते ऐकणारा कान त्या १६ घरांनी तयार केलाय.

मध्ये दहा-बारा वर्षं तबला पूर्ण बंद होता. रेसिडेन्सी, मग नोकरी, मग घर. चाळिशीला आलो तेव्हा परत क्लास लावला, गुरू माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की तुमचं तिरकिट पळतंय, निम्म्या लयीत वाजवा. महिनाभर मी निम्म्या लयीत तेवढंच वाजवत होतो, बोट न बोट सुटं ऐकू येईपर्यंत. त्या महिन्याने मला शिक्षक म्हणून बदललं. आधी माझ्या रेसिडेंटचा हात ट्यूब टाकताना अडखळला की मी चटकन लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात पाहायचं उपकरण, काढून घ्यायचो, खरं सांगतो, रागवायचोसुद्धा. आता मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, त्याला तुकडे पाडून करायला लावतो, आधी फक्त ब्लेड घालणं, मग फक्त जीभ बाजूला घेणं, मग उचलणं, सगळं बरोबरीच्या लयीत आणि मगच दुगुन, म्हणजे दुप्पट लय. ज्याला स्वतःला अजून काहीतरी येत नाही, रोज चुकतंय, त्याला समोरच्याच्या चुकीची चीड येत नाही.

लोक विचारतात की वाजवल्याने टेन्शन जातं का. जातं वगैरे नाही, उलट अख्खं डोकं मागून घेतो तबला. तिहाईच घ्या, पाच मात्रांचा तुकडा समेपासून तीनदा वाजवायचा, मध्ये एकेक मात्रा सोडायची, म्हणजे झाल्या १७, शेवटचा धा बरोबर पुढच्या समेवर. हे चालू असताना सकाळच्या केसचा विचार आला की तिहाई गेलीच. नाइट ड्यूटी करून आल्यावर मी वीस मिनिटं वाजवतो आणि त्या वीस मिनिटांत मी डॉक्टर नसतो. परत ओटीमध्ये शिरतो तेव्हा पेशंट मला नवीन दिसतो, आदल्या रात्रीचा पेशंट त्याच्या आड येत नाही.

शाळेला एक विनंती आहे, दहावीच्या मुलांचा संगीताचा तास कृपा करून काढू नका. आमचा काढला होता, गणितासाठी. आणि शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी मुलांच्या प्रार्थनेला मी साथीला बसणार आहे, फक्त ठेका, एकही तिरकिट नाही. सरांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं आता, तेव्हा त्यांची खुर्ची डावा कान तबल्याकडे येईल अशी ठेवा.