बांधाआडच्या शेताला कळेल असा इशारा

पावसाळ्यात मोबाइलवर ‘ऑरेंज अलर्ट’ झळकला की गोव्यातल्या कुंभारजुवेच्या माझ्या मामांचा प्रश्न ठरलेला असतो : “भरती किती वाजता रे?” त्यांचे खाजन शेत, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेले भातशेत, कालव्याच्या कडेला आहे. बाहेरचे पाणी चढले की त्याच्या दाबाने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेची, दारे मिटतात आणि ओहोटीला ती उघडून शेतातले पाणी बाहेर जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मुसळधार पाऊस झाला, तर दारे मिटलेली असताना तो सगळा आतच साचतो, आणि समुद्राची पातळी वाढत जाईल तशी दारे उघडी राहण्याची वेळ आणखी कमी होणार आहे. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग प्रशासनाला सज्ज करतात, पण आपल्या मानशीवर केव्हा काय होईल हे मामांना त्यांवरून कळत नाही. पावसाचा अंदाज आणि भरती-ओहोटीचे तक्ते दोन्ही सरकारी खात्यांकडेच तयार असतात. ते एकत्र करून, साध्या कोकणी-मराठीत, पंचायतीमार्फत बांध सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचवले पाहिजेत.

हाच बांध मालवाहतुकीच्या धोरणातही येतो, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. 2016 च्या कायद्याने मांडवी, झुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा हे तिन्ही राष्ट्रीय जलमार्ग झाले. तेवढाच माल ट्रकने नेण्यापेक्षा बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीने, नेला तर डिझेल पुष्कळ कमी जळते, म्हणून जलवाहतुकीला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा आडवा येतो, त्यामुळे मुरगाव बंदराला जाणाऱ्या खनिजाच्या बार्ज या अरुंद कालव्यातून वळवण्याची रीत पडली. म्हणजे बांध पाण्याने भिजून सर्वांत कमजोर झालेला असतो, नेमक्या त्याच महिन्यांत बार्जच्या लाटा त्याची माती ओढून नेतात, आणि एकदा बांध फुटून खारे पाणी आत शिरले की कोरगूटसारखे खारटपणा सोसणारे भातही हातचे जाऊ शकते.

रेल्वेचा पर्याय याहून सोपा आहे. कोकण रेल्वेची रो-रो सेवा 1999 पासून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून कोलाड ते वेर्णे अशी नेते. इंजिन बंद, चालक ट्रकमध्येच. 2022 मध्ये या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यामुळे तिचे महत्त्व वाढले आहे. अर्थात उघड्या वाघिणींतून कोळसा नेला तर रुळांलगतच्या घरांत धूळ जाणारच, तेव्हा कोणता माल आणि तो कसा झाकलेला, हेही पाहायला हवे.

पुढच्या ग्रामसभेत मी दोन मागण्या लेखी देणार आहे. लाल इशारा आणि उधाणाची भरती एकत्र येतील त्या तासांत कालव्यातली बार्ज वाहतूक थांबवावी, आणि ते तास आदल्या दिवशी पंचायतीच्या फलकावर लावावेत. मामांनी सही करायचे कबूल केले आहे. बांधालगतच्या इतर कुळांना मी या रविवारी भेटणार आहे.