माझा अनुभव : एका ‘नामंजूर’ शिक्क्यापायी सात महिने

आमचा धंदा टॉवेलचा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड, बारा माग. टॉवेलचा बाजार बसला तेव्हा काडतुसांचा लहान कारखाना काढावा असं मी मनावर घेतलं होतं. 2001 साली संरक्षण उत्पादन खासगी उद्योगाला खुलं झालं, तेवढ्यावर माझी उडी.

महिनाभर हिशेब केला आणि तो नाद सोडला. परवाना केंद्रीय गृह खात्याचा, आर्म्स रूल्स 2016 खाली. दारूच्या कोठाराभोवती सोडायचं सुरक्षित अंतरच आमच्या प्लॉटच्या कितीतरी पट. काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. तांबं महाग झालं तरी टेंडरात भरलेला दर तोच. शिवाय गिऱ्हाईक मोजकं. खासगी परवानाधारकाला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर साधारण दोनच हत्यारं ठेवता येतात आणि काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यावर ठरलेलं. एवढ्या बाजारावर लहान माणसाच्या कर्जाचं व्याजही निघत नाही.

पण रायफलच्या गोळ्या जवानाच्या हातात जातात त्या कापडी पट्ट्यातून. त्याला बॅन्डोलियर म्हणतात. कापड आणि शिलाई, दोन्ही आमच्या घरातलं काम. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, झाली, बँकेने 11 टक्क्यांनी 18 लाख दिले, जाड सुईच्या मशिनी आल्या, नमुना शिवून सरकारी तपासणीला पाठवला.

दीड महिन्याने कागद आला. त्यावर एकच शब्द : नामंजूर.

कशासाठी, ते कुठेच नाही. फोन केला तर ‘साहेब मीटिंगमध्ये’. रात्रीच्या एसटीने गेलो, सकाळी दहाला दारात उभा. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “रिपोर्ट देता येत नाही. नवीन नमुना द्या.” मी म्हटलं, “साहेब, चूक कळल्याशिवाय नवीन काय देऊ?” “ते तुमचं तुम्ही बघा.”

मग अंदाज सुरू. शिवण कमी पडली असेल म्हणून दोरा बदलला, कापड जाड घेतलं. दुसरा नमुना दिला, पुन्हा तोच शब्द. चार महिन्यांत पाच खेपा झाल्या. दर महिन्याला 16,500 रुपये व्याज जात होतं आणि शिलाईच्या बायका रोज विचारत होत्या, “मालक, काम कधी निघणार?” त्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची. सरकारी पैशाचा माल कडक तपासावा, जवानाच्या अंगावर जाणारी वस्तू आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चूक दडवून ठेवल्याने जवानाचं काय भलं होतं? त्या टेबलावर माझ्या कापडाचा पूर्ण अहवाल होता आणि मी इकडे दोरे बदलत बसलो होतो. याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. सत्ताविसाव्या दिवशी अहवालाची प्रत घरी आली. वजन ठीक, ताकद ठीक, रंगाचा पक्केपणा ठीक. ‘पाण्यात विरघळणारे सल्फेट’ या ओळीपुढे लाल पेन्सिलीची खूण.

रंगारी मास्तरांकडे गेलो. त्यांनी कापडाचं टोक जिभेला लावलं. “मालक, मीठ राहिलंय बघा. टॉवेलला चालतंय, घरी दोनदा धुतला की जातंय.” कापडावर रंग चढावा म्हणून आपल्याकडे ग्लॉबर सॉल्ट घालतात, ते सोडियम सल्फेटच. बॅन्डोलियर कोणी धूत नाही. ते मीठ ओल धरून पितळावर डाग पाडतं.

दोन धुण्या वाढवल्या, शेवटची क्षार काढून मऊ केलेल्या पाण्यात, कारण आमच्या बोअरचं पाणी जड. सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते इथल्यांना सांगायला नको, म्हणून टँकर. नगामागे सहा रुपये सुटणार होते, त्याचे साडेचार झाले. तिसरा नमुना पास. पहिली ऑर्डर 20,000 नगांची, म्हणजे 90,000 रुपये; आणि सात महिन्यांचं व्याज 1,15,500. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मशिनी, कापड, मजुरी सगळं लिहिलं होतं, वाट बघण्याचा खर्च लिहिला नव्हता. तुम्ही कर्ज काढाल तेव्हा नमुना पास होईपर्यंत हप्ते थांबवून मागा.

हे आधी सांगायचं राहिलं : उद्यममध्ये ‘उत्पादक’ म्हणूनच नोंद करा. व्यापारी लिहिलंत तर टेंडरच्या अनामत रकमेची सूट जाते. आणि माल पोचल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. करारात मुदत कितीही लिहिलेली असो, स्वीकृतीपासून 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. माझे एकेचाळिसाव्या दिवशी आले. त्या दिवशी शिलाईच्या बायकांचा थकलेला पगार दिला, आणि मास्तरांना पेढे.

नमुना पाठवायच्या आधी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्ये स्वतः तपासून घ्या, मी घेतला नव्हता. त्याच थानाचा मीटरभर तुकडा तारीख घालून पिशवीत ठेवा. माझ्या कपाटात आता असे नऊ आहेत.