नस चढलीय म्हणे!

त्र्यंबकहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघालो आणि सुरुवातीलाच, सातपूरच्या अलीकडे, घात झाला. टपरीवर चहाला रेंगाळलो तेवढ्यात दिंडी पुढे गेली. ती गाठायला पाठीवरच्या पिशवीसकट पळत सुटलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! उजवा पाय पुढे फेकला आणि मांडीच्या मागे चटकन काहीतरी तुटलं. रस्त्याकडेला बसलोच.

लगेच निदानं सुरू. एक काका म्हणाले, ‘नस चढलीय.’ दुसऱ्यांनी सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेचं दुखणं, ठरवलं. एका मावशींनी तर तेलाची बाटली काढून रगडायलाच घेतलं. ‘थांबा मावशी’ म्हणेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी.

मुक्कामी उपचाराचा मंडप होता. तिथली फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. ‘एकदम आलं की हळूहळू? काका, एका बोटाने जागा दाखवा.’ मग घोंगडीवर पालथं झोपवलं, टाच धरली. ‘गुडघा दुमडा, मी अडवते.’ कळ नेमकी त्या बोटभर जागी. उताणं करून पाय सरळ वर उचलला; डाव्याच्या निम्म्यावरच अडकला. शेवटी खुर्चीवर पोक काढून बसवलं, गुडघा दुखेल तिथपर्यंत सरळ करायला लावला आणि मान वर-खाली करायला सांगितली. मानेने दुखण्यात काही फरक पडेना. ‘नसेचं असतं तर पडला असता,’ म्हणाली. कंबर दुखत नव्हती, मुंग्याही नव्हत्या. सायटिका बाद. ‘हॅमस्ट्रिंग दुखावलाय,’ म्हणाली.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागचे तीन स्नायू. बसतो त्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली चिकटलेले. पळताना पुढे गेलेल्या पायाला ब्रेक लावायचा तो त्यांनीच, तेही पुरते ताणलेले असताना. बाहेरच्या बाजूचा, बायसेप्स फीमोरिस, पळताना सर्वांत जास्त दगा देतो. माझाही तोच, ग्रेड दोन, म्हणजे काही तंतू तुटलेले. बसायच्या हाडापाशी खळगा लागला असता, म्हणजे स्नायू हाडापासूनच सुटल्याची शंका आली असती, तर थेट एमआरआयला पाठवलं असतं, म्हणाली.

‘रगडायचं नाही’ हे तिने दोनदा बजावलं. शिवाय, एक-दोन दिवसांत डाग उठेल, पण दुखतं त्याच्या खाली. रक्त उतरतं म्हणून.

मोहदरी घाट मी दिंडीच्या टेम्पोत, पातेल्यांना टेकून चढलो. टाळांचा आवाज मागे राहिला, तेव्हा मात्र जीव तुटला. सिन्नरजवळ पायजमा वर केला, तर गुडघ्यामागे जांभळाएवढा काळानिळा डाग.

मावशींनी निरखून पाहिला. ‘बघ, त्या दिवशी पुरतं रगडू दिलं असतंस, तर हा उठलाच नसता.’