व्यासपीठ खंय आसा?

७ जुलै, रात्र

आज तीन तास गेले आणि हाती आला दोन मिनिटांचा व्हिडिओ. तरी घरी परतताना मन भरून आलं होतं, म्हणून झोपण्याआधी लिहून ठेवते.

भाषणाचा व्हिडिओ पाठवायच्या स्पर्धेचा विषय ‘गोव्याच्या थोर व्यक्ती’. माझ्या सहावीतल्या एका विद्यार्थिनीने गायिका सूरश्री केसरबाई केरकर निवडल्या, कारण तिचं आजोळ फोंडा तालुक्यातलं केरी, केसरबाईंचंच गाव. भाषण मी लिहून दिलं होतं. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ अशी सुरुवात, मग जन्म १८९२, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, १९६९ चा पद्मभूषण. तिने सगळं चोख पाठ केलं आणि मोबाईलसमोर एका सुरात घडाघडा म्हणून टाकलं. नजर वर कौलांकडे, पुढची ओळ तिथेच लिहिलेली असावी तशी. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. शेवटी तीच म्हणाली, “टीचर, पूण व्यासपीठ खंय आसा?” पण व्यासपीठ आहे कुठे?

समोर शिलाई मशीन आणि त्यावर तांदळाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल. पोरीचं खरं होतं. इतकी वर्षं मी मुलांना भाषणं लिहून देते आहे आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

कागद मिटून ठेवला. म्हटलं, तुला त्यांचं काय आवडलं तेवढंच सांग. तशी ती सुटलीच, अर्धं कोकणी, अर्धं मराठी. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर अवकाशयानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, कधी परग्रहावरच्या कुणाला सापडली तर त्याने ऐकावी म्हणून. तीत जगभरच्या संगीताचे २७ तुकडे, त्यात भारताचा एकच, आमच्या केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. “टीचर, यान चाललंय नी गाणं विचारतं, कुठे जातोस!” दुसरं यान उडालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. मधले अकरा दिवस तिने बोटांवर मोजून दाखवले. माझ्या कागदावर यातलं एक अक्षरही नव्हतं.

त्याच तबकडीवर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, मराठीतलाही आहे. तो मी तिला ऐकवला. दोनदा ऐकून म्हणाली, “ही कोणाला सांगते?” जो दिसत नाही त्याला, म्हटलं. ती बराच वेळ गप्प बसली.

पण अकरा वर्षांच्या मुलीला बोलायला समोर एक चेहरा लागतो. तिची केरीची आजी पावसात मुक्कामाला आली आहे. तिला खुर्ची देऊन मोबाईलच्या अगदी मागे बसवलं. आता आजीला सांग, बाय. नजर आपोआप खाली आली, हात सुटले. मग बाकीच्या गोष्टी. खिडकी पाठीमागे असल्याने चेहरा काळा पडत होता, तिला वळवून उजेड तोंडावर घेतला. पंखा बंद. पडवीच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की सर ओसरेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. (सकाळी मुलांची घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती, अशीच अडली होती. घुमट मोबाईलजवळ वाजलं की आवाज फाटतो. वाजवणाऱ्यांना दहा पावलं मागे सरकवलं आणि गाणाऱ्यांना पुढे घेतलं, तेव्हा कुठे शब्द ऐकू आले.)

पाऊस थांबला आणि एक फेरी छान रंगात आली, तेवढ्यात पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला. आजी सवयीने पावासाठी उठलीच. पुन्हा पहिल्यापासून.

ती ‘मग’ म्हणायच्या जागी ‘मागीर’ म्हणते. दुरुस्त करावं असं एकदा वाटलं, पण केलं नाही. शुद्ध मराठीचा आग्रह मी वर्गात रोज धरते. इथे मात्र ती पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत, न अडखळता बोलत होती. परीक्षकांनी गुण कापले तर कापोत.

शेवटच्या फेरीत ती म्हणाली, “ते यान अजून चाललंच आहे, आजी. सूर्याच्याही पलीकडे, दूर, खूप दूर.” आणि थांबली. तिचं भाषण तिथेच संपत होतं. पण आजीला ते कुठे ठाऊक? तिने पुढे वाकून विचारलं, “मागीर?”

तो आवाज व्हिडिओत आला आहे. मी तो कापलेला नाही.